मास्तरांची मोटार आणि गल्लीचे दिवे

विजेची मोटार घ्यायचं इनायत मास्तरांनी ठरवलं असं झालंच नाही. तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला, आणि उर्दू शाळेच्या हेडमास्तरांना निघून गेलेला शब्द परत घेण्याची सवय नव्हती. वर्गात एकदा त्यांनी व्हेल माशाला दोन पोटं असतात असं सांगितलं होतं, तर पुढची कित्येक वर्षं त्यांनी तो मासा तसाच निभावून नेला.

झालं होतं असं. येवल्याचे रेशमाचे व्यापारी लियाकत सेठ मास्तरांच्या रेहानाला मागणी घालायला आले होते. मुलगी त्यांना पसंत होती, त्यांचा अकबर मास्तरांना पसंत होता, बाकीच्या गोष्टी शिरखुर्म्याच्या एका वाटीत मिटल्या होत्या. सेठांची अट एकच होती. त्यांच्या थोरल्या मुलाच्या वरातीत कुठल्याशा पेट्रोलच्या मोटारीने फाडकन आवाज केला आणि नवरदेवाचा घोडा जो उधळला तो गावाची शीव ओलांडून गेला. नवरदेव उन्हं उतरल्यावर एका मळ्यात सापडला, तोही एकाच पायात जोडा असलेला. येवल्यात लोक अजून त्या दुसऱ्या जोड्याची चौकशी करतात. तेव्हा आता धाकट्याच्या वरातीत घोडा नको आणि पेट्रोलची मोटारही नको. नवरदेव पायी आलेला त्यांच्या घराण्यात चालत नव्हता. आणि पुन्हा काही विपरीत घडलं, तर वरात वाटेतून परत फिरेल, असं सेठ अगदी हळू आवाजात म्हणाले. मोठ्याने म्हणाले असते तर मास्तरांना एवढी भीती वाटली नसती.

"मग विजेची मोटार आहे की," मास्तर म्हणाले. "घोडा नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही."

पडद्यामागे गुलजारबींच्या हातातली बशी पडली. त्यांच्या घरात विजेचा एक दिवा होता, तोही नवऱ्याने फार वापरू नका असं बजावून घेतलेला.

अशी मोटार जगात असते हे मात्र खरं होतं. मास्तरांनी ती देवळालीला छावणीतल्या एका बंगल्यामागे पाहिली होती. बंगल्याचा म्हातारा साहेब विलायतेला निघून गेला होता आणि मोटारीत खानसाम्याच्या कोंबड्या राहत होत्या. खानसाम्याने मोडीच्या भावात मोटार दिली, वर बॅटऱ्या भरायची लाकडी पेटीही दिली. कोंबड्या मात्र त्याने ठेवून घेतल्या. मोटारीला गोल चाक नव्हतं, होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा होता. तो ज्या बाजूला ओढावा त्याच्या उलट बाजूला मोटार जाते की त्याच बाजूला, यावर खानसामा आणि मास्तर यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

विजेची मोटार दोरीवाल्यांच्या गल्लीत बैलगाडीवर बसून आली. नाशकात कुठेही जायचं म्हणजे एखादं टेक चढावं लागतंच, आणि ही गल्ली तर टेकाच्या माथ्यावर. बैलांना फेस आला. गाडी उतरवायला बहिरू पहिलवान आला. बहिरू तालमीत कमी आणि लोकांच्या ओट्यावर जास्त दिसायचा आणि त्याला माहीत नाही असा विषय नव्हता. त्याने मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या चाकावर थाप मारली आणि जनावर जुनं आहे पण हाड चांगलं आहे असा निर्वाळा दिला. बॅटऱ्यांत घालायचं पाणी गंगेचंच, म्हणजे आपल्या गोदावरीचंच घ्या, विहिरीचं नको, असाही सल्ला दिला. मास्तरांनी तो मनातल्या मनात धुडकावला आणि दुसऱ्या दिवशी गपचूप गंगेवरून घागर आणवली.

आता वीज. त्या काळी कंपनीचं इंजिन दिवेलागणीला सुरू व्हायचं आणि लोक निजले की बंद व्हायचं. दिवसा वीज हवी असं कुणाला वाटतच नव्हतं. दिवसा सूर्य होता. त्यामुळे गल्लीतल्या बायका ज्या घटकेला बटण दाबून दिव्याला हात जोडायच्या, त्याच घटकेला मास्तरांना मोटारीची पेटी जोडणं भाग होतं. त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून ती जोडली. पेटी गुणगुणली. मास्तरांचा चेहरा उजळला आणि त्याच वेळी गल्लीतले सगळे दिवे कांद्याच्या सालीसारखे लाल झाले.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, कंपनीचं इंजिन दमलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, हवा खराब असेल. तिसऱ्या दिवशी समोरच्या भागुबाई मास्तरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भागुबाईंचा गंगापूरच्या वाटेवर फुलांचा मळा होता. संध्याकाळी दिव्याखाली बसून त्या हार गुंफायच्या आणि पहाटे गंगेवरच्या बाजारात नेऊन विकायच्या. त्या लाल उजेडात पांढरी शेवंती आणि पिवळी शेवंती एकाच हारात गेली होती आणि गिऱ्हाइकाने हार तोंडावर परत केला होता.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी आमचा उजेड पिती."

मास्तरांनी त्यांना वीज ही पिण्याची वस्तू नाही हे समजावून सांगितलं. तारेतून वीज कशी वाहते, वाटेत ती कशी वाटली जाते, हे त्यांनी ओट्यावर खडूने आकृती काढून दाखवलं. भागुबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मंग पितीच की. मास्तरांनी आकृती पुन्हा पाहिली.

मग मास्तर कोट-टोपी घालून कंपनीच्या कचेरीत गेले. तिथले यादवसाहेब सज्जन होते, पण नियमांतून वाट काढता काढता सज्जन माणसाचंही जे होतं ते त्यांचं झालं होतं. कंपनीच्या नियमात दिवा होता, पंखा होता. मोटार नव्हती. मोटार हा दिवा आहे की पंखा, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, ती मोटार आहे. यादवसाहेब म्हणाले, ते मला कळतंय, पण मला दोन्हींतलं एक लिहायचं आहे. बऱ्याच चर्चेनंतर, तिच्यात काहीतरी फिरतं एवढ्यावर, मोटार पंखा ठरली. पण पंखा रस्त्यावर ठेवता येत नाही. रस्त्यावरची वीज नगरपालिकेची, घरातली कंपनीची. तेव्हा मोटार घरात पाहिजे.

"आणि एक सांगतो, मास्तर," यादवसाहेब म्हणाले, "तुमच्या गल्लीची तार दिव्यांपुरती ओढलेली आहे. ती एक तर गल्ली उजळेल, नाहीतर तुमचा पंखा भरेल. दोन्ही होणार नाही. जाड तार टाकायची तर मंजुरी मुंबईहून यावी लागते, आणि तोवर तुमच्या मुलीच्या मुलांची लग्नं निघतील."

ज्या मोटारीवर मुलीचं लग्न अवलंबून होतं तिला आपल्या तोंडावर दोनदा पंखा म्हटलेलं मास्तरांना सोसलं नाही. या कचेरीची पायरी पुन्हा चढणार नाही, असं ते घरी येऊन म्हणाले. गुलजारबींना हे निराळं सांगायची गरज वाटली नाही, कारण मास्तरांनी नाशकातल्या निम्म्या पायऱ्या आधीच सोडलेल्या होत्या.

मोटार घरात घ्यायची म्हणजे दाराची चौकट काढायची. चौकट निघाली, तिच्यासोबत भिंतीचा थोडा भाग आपण होऊन आला, आणि मोटार बैठकीच्या खोलीत जाऊन बसली. आता बैठकीत माणसाला बसायला जागा राहिली नाही. लग्नघर असल्यामुळे नात्यातल्या बायका येऊ लागल्या होत्या. त्या मोटारीत बसून तांदूळ निवडायच्या. रेहानाच्या हातावर मेंदीही मोटारीच्या मागच्या बाकावरच काढली. पाहुणा आला की मास्तर त्याला पुढच्या बाकावर बसवायचे आणि स्वतः दांड्याशी बसून गप्पा मारायचे. बहिरूने भिंतीचं भोक पाहून हवा चांगली खेळते असं मत दिलं.

एवढं करूनही प्रश्न होता तिथेच होता. पेटी जोडली की गल्ली लाल व्हायची आणि ओरडा झाला की मास्तर पेटी काढायचे. बॅटऱ्या अर्धपोटी राहत होत्या. लग्न तोंडावर आलं. मास्तरांची झोप उडाली, जेवण सुटलं. शेवटी एका सकाळी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं आणि मान खाली घालून, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मागितलं. लग्नाच्या आधीच्या दोन संध्याकाळी सगळ्यांनी आपापले दिवे बंद ठेवावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वीज येऊन गल्लीला फार दिवस झाले नव्हते आणि आलेल्या विजेचा अजून प्रत्येकाला अभिमान होता. पण अडचण ती नव्हती. ती भागुबाईंनी सांगितली.

"दिवा लागायच्या टायमाला दिवा मालवायचा म्हंता? लक्षुमी यायची येळ हाय ती, मास्तर. अंधार बगून माघारी गेली तर?"

ही अडचण मास्तरांना पटली. त्यांच्या स्वतःच्या घरीही मगरिबच्या अजानीला दिवा लागल्यावाचून गुलजारबींना चैन पडत नसे. दोन्हीकडच्या बायकांची याबाबतीत एकजूट होती आणि मास्तर एकटे पडले. तेव्हा पडद्याआडून रेहानाने आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गुलजारबींनी ते बाहेर सांगितलं. आधी तेलाचा दिवा लावायचा, मग विजेचा बंद करायचा. दिवा तर लागलेला राहील. तो कंपनीचा आहे की तेलाचा हे कोण विचारतंय?

यावर बराच वेळ खल झाला. लक्ष्मी आजवर तेलाच्याच दिव्यावर येत होती, वीज तर काल आली, हा मुद्दा बहिरूने मांडला. त्याच्या आयुष्यात त्याने मांडलेला तो पहिलाच बरोबर मुद्दा असावा, कारण सगळ्यांनी माना डोलावल्या. भागुबाई उठल्या. रेहाना लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर बसून फुलं गुंफायला शिकली होती. "पोरीसाठी करते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाय."

गुलजारबी म्हणाल्या, कंपनीला कळवून ठेवा. मास्तर म्हणाले, पंख्याबद्दल कंपनीला काय कळवायचं? आणि विषय संपला.

त्या संध्याकाळी गल्लीत ओट्याओट्यावर पणत्या आणि कंदील लागले आणि विजेचे दिवे एकेक करून मालवले. पोरांना दिवाळी झाली. भागुबाई कंदिलाशी हार गुंफत बसल्या. मास्तरांनी पेटी जोडली, मोटारीला दृष्ट लागू नये म्हणून पेटीसकट वरून रजई घातली आणि पेटीची गुणगुण ऐकायला न थांबता घरोघर जाऊन प्रत्येकाचे आभार मानले. पेटीवर वीज किती येते ते दाखवणारा एक काटा होता, पण तो कोंबड्यांच्या राज्यापासून एकाच जागी रुतलेला होता. दुसऱ्या संध्याकाळीही असंच झालं. मध्येच एका घरच्या म्हातारीला बटण दाबून बघायची हुक्की आली, तर सगळी गल्ली तिच्यावर धावून गेली. एकाही घरात विजेचा दिवा लागला नाही, आणि ही गल्ली आपली आहे असं मास्तरांना फार वर्षांनी वाटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मोटार स्वतःच्या जोरावर भिंतीच्या भोकातून बाहेर आली. मास्तरांचे डोळे पाणावले. तेवढ्यात सायकलवरून यादवसाहेब आले. मुलीच्या लग्नाला आपण हजर राहणं कर्तव्य समजतो, असं म्हणून त्यांनी झाल्या गैरसोयीबद्दल माफी मागितली.

मास्तरांनी विचारलं, कसली गैरसोय?

यादवसाहेब म्हणाले, परवा दिवेलागणीला आमचा माणूस तुमच्या गल्लीवरून जात होता. पाहतो तर सगळ्या गल्लीत विजेचा एकही दिवा नाही, नुसत्या पणत्या. तार तुटून कुठे पडली असेल, लेकराबाळांचा पाय पडेल, म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या खांबावरून लगेच गल्लीची वीज तोडली. काल दिवसभर आम्ही तार तपासली. तुटलेली कुठे सापडली नाही, आणि सापडत नाही तोवर जोडायची नाही असा नियम आहे. "पण बाकी गल्ल्यांतून आमच्या नावाने शंख करतात, तुमच्या गल्लीतून एक तक्रार आली नाही," ते म्हणाले. "अशी समंजस गल्ली मी पाहिली नाही."

मास्तर मोटारीच्या पायरीवर खाली बसले. दोन संध्याकाळी सगळी गल्ली पणत्यांच्या उजेडात बसली होती आणि मोटारीला विजेचा एक थेंबही मिळाला नव्हता. भागुबाईंसमोर त्यांनी थेंब हा शब्द उच्चारला नसता, पण त्या वेळी त्यांना दुसरा शब्द आठवला नाही. आता इंजिन सुरू होणार दिवेलागणीला आणि वरात निघणार दुपारच्या नमाजानंतर. यादवसाहेबांना सगळं कळल्यावर त्यांचाही चेहरा उतरला. नियमात बसत असतं तर दुपारी इंजिन सुरू करायला सांगितलं असतं, असं ते दोनदा म्हणाले.

सेठांना खरं काय ते सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून मास्तर मोटार घेऊन निघाले. वऱ्हाड उतरलं होतं टेकाच्या खाली, गंगेकाठच्या एका वखारीत. वाट उताराची, त्यामुळे मोटार झोकात गेली. वखारीपुढे लियाकत सेठ येवल्याच्या मंडळींना विजेच्या मोटारीचे गुण सांगत उभे होते. मोटार आवाज न करता समोर येऊन थांबली तेव्हा त्यांनी मास्तरांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेपुढे मास्तरांचं तोंड उघडेना. अकबर फुलांचा सेहरा बांधून मागच्या बाकावर बसला, सेठ पुढे मास्तरांच्या शेजारी. बँड वाजू लागला.

सपाटीवर मोटार बरी चालली. चढ लागला तशी हळू झाली. मग आणखी हळू. मग बँडवाले पुढे निघून गेले, आणि टेकाच्या मध्यावर मोटारीने एक सुस्कारा सोडला आणि ती उभी राहिली. मास्तरांनी डोळे मिटले. सेठांच्या वराती वाटेत कशा मोडतात यावर येवल्यात आता पिढ्यानपिढ्या बोललं जाणार होतं आणि त्यात त्यांच्या रेहानाचं नाव येणार होतं.

मोटार पुन्हा चालू लागली.

मास्तरांनी डोळे उघडले. मागून दबक्या आवाजात 'हं, हं' असं ऐकू येत होतं आणि त्यातला एक आवाज बहिरूचा होता. मोटार चढायला लागली, हळू पण एकसारखी. सेठ समाधानाने म्हणाले, काय सुरेख चढते. मास्तरांना हे सहन झालं नाही. ते म्हणाले, "सेठ, ही विजेवर चालत नाही. एकदा मागे बघा."

सेठ समोरच बघत राहिले. "मास्तरसाब, मला मागे बघायला लावू नका," ते हळूच म्हणाले. "बघितलं तर वरात थांबली असं होईल. मी काही बघितलं नाही. तुम्ही दांडा सांभाळा."

मागचं बाक एकदम हललं. अकबर बापाला न विचारता खाली उतरला होता. सेहरा एका हाताने बाजूला सारून त्याने बहिरूच्या शेजारी खांदा लावला. त्याच्या पलीकडे यादवसाहेब होते, कोट काढून. गल्लीतले सगळे होते. भागुबाई बाजूने चालत होत्या आणि हात लावू पाहणाऱ्या पोरांना हाकलत होत्या, आणि नवरदेवाच्या सेहऱ्यातली फुलं गळत होती ती ओच्यात गोळा करत होत्या. नवरदेव नवरीच्या दारी असा आला, घामाने निथळत, मोटार ढकलत, आणि मोटारीत बसला होता त्याचा बाप. खिडकीच्या पडद्याआड रेहानाने हे सगळं पाहिलं. तिने तोंडावर ओढणी घेतली, पण खांदे हसत होते ते काही लपले नाहीत. मास्तरांना लाज वाटायला हवी होती. त्यांना फार बरं वाटलं.

निकाह लागला. मंडळी जेवली. उन्हं उतरू लागली तशी पाठवणीची वेळ झाली. वखारीपर्यंत मोटारीनेच जाऊ, असं अकबर म्हणाला. मास्तरांनी त्याला दांडा कसा धरायचा ते दाखवलं, ब्रेक कसा दाबायचा ते दाखवलं, मग पुन्हा एकदा दाखवलं. गुलजारबींनी मुलीच्या डोक्यावर कुराण धरलं. भागुबाईंनी तिच्या ओंजळीत फुलं घातली आणि बाजूला झाल्या. बहिरू आणि गल्लीतली माणसं बाह्या सरसावून मोटारीच्या मागे येऊन उभी राहिली.

पण ढकलायला कुणी लागलंच नाही. पुढे सगळा उतार होता. अकबरने ब्रेक सोडला आणि मोटार आपली आपण निघाली. माणसं पुढे केलेले हात तसेच धरून उभी राहिली. गेले कित्येक दिवस मास्तरांनी एकच गोष्ट मागितली होती, की ही मोटार चालावी. आता ती चालत होती, विजेवाचून, आवाजावाचून, त्यांच्या मुलीला घेऊन. मास्तर चार पावलं तिच्या मागे गेले. पुन्हा एकदा बंद पडावी, निदान कोपऱ्यावर, एवढंच त्यांना वाटत होतं.

ती कुठेच थांबली नाही.